उंच पूल आणि उंचावरचा पूल

चीनच्या हुबेई प्रांतातल्या सीदू नदीवरच्या पुलाचे मनोरे सुमारे १२० मीटर उंच आहेत. जगातल्या मोठ्या पुलांच्या पंक्तीत ही उंची फार नाही. तरीही या पुलावरून गाडी जाते तेव्हा चाकांखाली जवळपास ४९६ मीटर नुसती हवा असते. खाली आयफेल टॉवर उभा केला, तरी त्याच्या शेंड्यावर आणखी दीडशे मीटर जागा उरेल. मग १२० मीटरचा मनोरा ४९६ मीटरवरचा रस्ता धरतो कसा?

हा पूल उंच नाही, उंचावरचा आहे, एवढंच याचं उत्तर. त्याचे मनोरे दरीच्या तळातून वर आलेलेच नाहीत. ते दोन बाजूंच्या डोंगरांच्या खांद्यावर उभे आहेत आणि खालची सगळी उंची नदीने लाखो वर्षं दगड कापून तयार ठेवलेली आहे. फ्रान्समधला मीयोचा पूल याच्या नेमका उलट. त्याचे खांब थेट दरीतून उठतात आणि पायापासून वरच्या टोकापर्यंत तो ३३० मीटरांहून जास्त भरतो, पण त्याचा रस्ता मात्र २७० मीटरांच्या आसपासच आहे.

हा फरक आधीच स्पष्ट केलेला बरा, कारण अशा पुलांबद्दल बोलताना सगळं कौतुक उंचीच्या वाट्याला जातं. पूल तोलून धरणाऱ्या दोराला मात्र खाली ५० मीटर आहेत की ५००, याचा पत्ताही नसतो. त्याला कळतं फक्त आडवं अंतर. उंचीचा जाच होतो तो दुसऱ्याच वाटेने: बांधताना खालून काहीही वर आणता येत नाही. समुद्रावर किंवा रुंद नदीवर झुलता पूल बांधायचा तर दोर, पोलादाचे अवजड तुकडे, क्रेन असं सगळं बार्जवरून पुलाखाली आणून उभं करतात. इथे तळाशी एक खळाळता ओढ्यासारखा प्रवाह आणि त्याच्या दोन्ही अंगांना सरळ कडे. जे काही करायचं ते दोन काठांवरून, मधल्या हवेत. या पुलातली बहुतेक हुशारी या एका अडचणीपोटी जन्मलेली आहे.

पण एवढ्या वर जायचंच कशाला?

नदी ओलांडायला लोक पूर्वी दरीत उतरत, पाण्यातून किंवा छोट्या पुलावरून पलीकडे जात आणि पुन्हा चढत. सीदूच्या नावातच ते आहे. चिनी अक्षरांचा शब्दशः अर्थ ‘चार वेळा ओलांडायची नदी’ असा होतो. पायवाटेला आणि घाटरस्त्याला हे चालतं. द्रुतगती मार्गाला चालत नाही, कारण त्याला तीव्र चढ आणि आखूड वळणं दोन्ही वर्ज्य. हिशोब करून बघा. रस्त्याचा उतार शेकडा ४ ठेवायचा आणि ४०० मीटर खाली उतरायचं, तर त्यासाठी १० किलोमीटर रस्ता लागेल. वर चढायला आणखी १०. म्हणजे समोर दिसणाऱ्या कड्यावर पोहोचण्यासाठी २० किलोमीटर, आणि तेही कड्यात खोदून. त्यापेक्षा सरळ ९०० मीटर हवेतून गेलेलं परवडतं. शांघायहून चोंगछिंगकडे जाणारा जी-५० हा द्रुतगती मार्ग हुबेईच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत नेमकं हेच करतो: बोगदा, पूल, पुन्हा बोगदा. सीदूच्या एका टोकाला तर पूल संपता संपताच रस्ता डोंगरात शिरतो.

नुसतं पाहण्यासाठी बांधलेले असे पूलही आहेत. अमेरिकेत कोलोराडोमधला रॉयल गॉर्ज पूल १९२९ मध्ये मुख्यतः पर्यटकांसाठी बांधला गेला. नदीपासून सुमारे २९१ मीटर उंचावर असलेल्या या पुलाने सत्तरेक वर्षं उंचीचा विक्रम आपल्याकडे ठेवला. तो मोडला चिनी महामार्गांनी, आणि एकदा मोडल्यावर मग वरचेवर मोडत राहिला. सीदूचा पूल नोव्हेंबर २००९ मध्ये खुला झाला, २०१६ मध्ये पेइपान नदीवरचा ५६५ मीटरचा पूल त्याच्या पुढे गेला आणि २८ सप्टेंबर २०२५ ला त्याच नदीवर, क्वेइचौ प्रांतात, ६२५ मीटर उंचीचा हुआच्यांग पूल सुरू झाला.

झोळ किती ठेवायचा

झुलत्या पुलाचं तत्त्व कपडे वाळत घालायच्या दोरीवर पुरतं समजतं. दोरी दोन खुंट्यांना बांधा आणि मधोमध ओला टॉवेल टाका. दोरीला झोळ पडतो. झोळ नको म्हणून दोरी आवळत गेलात, तर टॉवेल तेवढाच असूनही खुंट्यांवरची ओढ वाढत जाते. दोरी अगदी सरळ आडवी करायचा हट्ट धरला, तर आधी खुंटी उपटून येईल किंवा दोरी तुटेल, पण ती सरळ काही होणार नाही. आडवा दोर वजन वर उचलूच शकत नाही; वर उचलण्यासाठी त्याला थोडं तिरकं असावंच लागतं.

पुलाच्या दोराचं हेच गणित आकड्यांत मांडता येतं. ९०० मीटरच्या गाळ्यात (गाळा म्हणजे दोन मनोऱ्यांमधला भाग) दोराचा झोळ ९० मीटर, म्हणजे लांबीच्या एक दशांश ठेवला, तर मध्यभागी दोराला बसणारी आडवी ओढ त्या गाळ्याच्या एकूण वजनाच्या सव्वापट येते. झोळ निम्मा केला, तर ओढ अडीचपट. झोळ दुप्पट केला, तर ती वजनाच्या दोन तृतीयांशाच्याही खाली येते. मग झोळ भरपूर का ठेवत नाहीत? कारण मनोरे तितकेच उंच करावे लागतात आणि पूल अघळपघळ, डुलणारा होतो. लांबीच्या साधारण एक दशांश झोळ ही तडजोड अनेक पुलांना मानवली आहे. १२० मीटरच्या मनोऱ्यांचा उगमही त्यातच: नव्वदेक मीटर झोळासाठी आणि बाकीचे रस्त्याखालच्या भागासाठी. दरी दुप्पट खोल असती, तरी मनोरे तेवढेच राहिले असते.

गाड्यांचं ओझं या हिशोबात फारसं मोठं नसतं. इतक्या लांबीच्या पुलात दोरांची बहुतेक ताकद पुलाला स्वतःचंच वजन पेलण्यात खर्च होते. थोडं विचित्र वाटतं, पण त्याचा एक फायदाही आहे: जड पूल ट्रकांच्या येण्याजाण्याने कमी हलतो.

आता खुंट्यांकडे येऊ. दोर मनोऱ्याच्या माथ्यावर संपत नाही. तिथे पोलादाचं एक खोगीर असतं, त्यावरून दोर वळतो आणि मागच्या बाजूला जमिनीकडे उतरतो. मनोऱ्याच्या वाट्याला येतो तो मुख्यतः सरळ खाली दाबणारा भार, आणि काँक्रीट दाब झेलायला उत्तम. खरी आडवी ओढ शेवटी जाते ती मागच्या नांगराकडे. नांगराचे दोन प्रकार आहेत. एक निव्वळ वजनाचा: काँक्रीटचा एवढा मोठा ठोकळा की दोराने ओढूनही तो जागचा हलू नये. दुसरा बोगद्याचा: डोंगरात तिरकी, आत रुंद होत जाणारी गुहा खणायची, दोराचं टोक त्यात नेऊन काँक्रीटने बुच मारायचं. आत रुंद, तोंडाशी अरुंद असं ते बुच बाहेर ओढलं की आणखी घट्ट बसतं आणि सगळा डोंगरच नांगर होतो. सीदूला एका काठावर बोगद्याचा आणि दुसऱ्या काठावर वजनाचा, असे दोन्ही नांगर आहेत.

बोगद्याच्या नांगरात काँक्रीट वाचतं, पण डोंगरावर भरवसा ठेवावा लागतो. पश्चिम हुबेईचा हा पट्टा चुनखडीचा आहे. पावसाचं पाणी चुनखडी विरघळवत जातं आणि आत पोकळ्या, गुहा, भूमिगत नद्या तयार होतात. बाहेरून अखंड दिसणाऱ्या कड्याच्या पोटात भगदाड निघू शकतं. म्हणून नांगराची जागा नक्की करण्याआधी डोंगराला ठिकठिकाणी भोकं पाडून आतला दगड तपासतात. हे काम फोटोत कुठेच दिसत नाही, पण याच्या निकालावर पूल कुठे होणार आणि होणार की नाही, हे ठरतं.

पहिली दोरी

आता या लेखातला माझा आवडता प्रश्न. मनोरे झाले, नांगर झाले. दोर टनावारी वजनाचे आहेत आणि मध्ये दरी आहे. पहिली दोरी पलीकडे न्यायची कशी?

नायगारावर हा प्रश्न १८४८ मध्ये पतंगाने सुटला. तिथल्या पहिल्या झुलत्या पुलासाठी पतंगाची स्पर्धा ठेवली होती आणि होमन वॉल्श नावाच्या किशोरवयीन मुलाने पतंग पलीकडच्या काठावर उतरवला. त्या मांज्याला जाड दोरी बांधली, तिला आणखी जाड, असं करत शेवटी लोखंडी तारांचा दोर पलीकडे गेला. जपानच्या आकाशी सामुद्रधुनीवर, १९९० च्या दशकात, पहिली दोरी हेलिकॉप्टरने ओढली.

सीदूवर २००६ मध्ये रॉकेट वापरलं. रॉकेटच्या मागे एक किलोमीटरहून लांब, हलकी पण चिवट दोरी बांधून ती एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर सोडली गेली. हा दिखावा नव्हता. माणसांनी दोरी खांद्यावर घेऊन दरीत उतरून पलीकडे चढायचं म्हटलं, तर कड्यांवरच्या झाडीत ती शंभर ठिकाणी अडकणार. मग ती उचलून ताणायची म्हणजे वाटेतली झाडं तोडत जायचं. हेलिकॉप्टर महाग आणि अरुंद दरीतल्या उलटसुलट वाऱ्यात जोखमीचं. रॉकेटला लागतात काही सेकंद. अलीकडे हेच काम ड्रोन करतात, त्यामुळे रॉकेटची गोष्ट आता जुनी वाटू लागली आहे.

पुढचा क्रम मात्र नायगारासारखाच. हलक्या दोरीने जाड दोरी, तिने पोलादी दोर, आणि त्यांच्यावर मग कामगारांसाठी जाळीची झुलती पायवाट. या पायवाटेला चिनी भाषेत ‘माओदाओ’, म्हणजे मांजराची वाट म्हणतात. इंग्रजी ‘कॅटवॉक’मध्येही मांजर आहेच. दोरांच्या झोळाबरोबर जाणारी ही वाट मनोऱ्याजवळ चांगलीच उभी असते आणि पुढचे कित्येक महिने सगळं काम तिच्यावरूनच चालतं.

मुख्य दोर हा एकसंध दोर नसतो. तो असतो साधारण ५ मिलिमीटर जाडीच्या, जस्ताचा मुलामा दिलेल्या हजारो तारांचा भारा. तारांना पीळ नसतो, त्या एकमेकींना समांतर पडलेल्या असतात, कारण पीळ घातला की ताकद थोडी वाया जाते. ही तार पेन्सिलीपेक्षा बारीक, पण तिचं पोलाद असं की एकेक तार तीन टनांहून जास्त ओढ सोसते. पूर्वी, म्हणजे न्यूयॉर्कच्या १८८३ मधल्या ब्रुकलिन पुलावर आणि त्यानंतरही बराच काळ, एका चाकावरून तारा नेऊन या काठापासून त्या काठापर्यंत फेऱ्या घालत, कोळ्याने जाळं विणावं तसा दोर जागेवरच घडवत. चिनी पुलांवर बहुधा कारखान्यात आधीच बांधलेल्या जुड्या येतात. एका जुडीत ९१ किंवा १२७ तारा. हे आकडे मनाला येतील तसे निवडलेले नाहीत. एका तारेभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा, मग अठरा असे थर रचत गेलं की षटकोन भरतो तो ७, १९, ३७, ६१, ९१, १२७ या पायऱ्यांवरच, आणि षटकोनी जुड्या शेजारीशेजारी फटीविना बसतात.

१२७ तारांच्या जुडीचं वजन मीटरला जवळपास २० किलो भरतं. हजार-बाराशे मीटरची जुडी म्हणजे २० ते २५ टनांचं रीळ. असं एकेक रीळ घाटातून ट्रकने वर आणायचं आणि मांजराच्या वाटेवरून पलीकडे ओढत न्यायचं.

ओढून झालं की जुडी नेमकी जागेवर बसवायची. हे काम बहुधा रात्री करतात. पोलाद उन्हाने ताणतं, आणि दिवसा दोराची एक बाजू तापलेली, दुसरी सावलीत, अशी स्थिती असते. एक दशांश झोळाच्या गाळ्यात दोर १ सेंटिमीटरने लांबला, तर मध्यभाग जवळपास २ सेंटिमीटर खाली येतो. ९०० मीटरच्या गाळ्यात तापमान १० अंशांनी चढलं, तर मध्य विसेक सेंटिमीटर उतरतो, तोही फक्त मधल्या गाळ्यापुरता हिशोब धरून. म्हणून मध्यरात्रीनंतर, सगळं पोलाद एकसारखं गार झाल्यावर, मोजून मोजून जुड्या जुळवतात.

रस्ता टांगणं

दोर तयार झाले की त्यांच्यापासून उभे लटकदोर सोडतात आणि त्यांना रस्त्याचा सांगाडा टांगतात. इथे पुन्हा तीच अडचण: सांगाड्याचे तुकडे खालून येणार नाहीत. समुद्रावरच्या पुलांना बहुधा पोलादाची बंद पेटी लावतात, विमानाच्या पंखासारखी चपटी. पण तिचे मोठाले तुकडे घाटातून आणणं जवळजवळ अशक्य. म्हणून दरीवरच्या पुलांना बहुतेकदा कैची असते, म्हणजे त्रिकोणांची उघडी जाळी. तिचे सुटे दांडे ट्रकमधून येतात आणि काठावर जोडले जातात. सीदूची कैची सुमारे साडेसहा मीटर खोल आणि २६ मीटर रुंद आहे.

जोडलेला तुकडा मध्यापर्यंत न्यायला दरीवर हवाई दोरमार्ग उभारतात आणि त्यावरून तुकडा सरकवत नेतात. हुनान प्रांतातल्या आयचाय पुलावर, जो १,१७६ मीटरच्या गाळ्याचा आहे आणि २०१२ मध्ये खुला झाला, वेगळीच शक्कल लढवली. लटकदोरांच्या खालच्या टोकांना आडवे पोलादी दोर ताणून रुळांसारखे वापरले आणि कैचीचे तुकडे त्यांवरून मध्याकडे सरकवत नेले. मला ही युक्ती रॉकेटपेक्षाही सरस वाटते, कारण यात पुलाच्याच अर्धवट अंगाने उरलेला पूल वाहून नेला.

तुकडे चढत जातात तसा दोराचा आकार रोज बदलतो. मध्यावर वजन आलं की मध्य खाली जातो आणि कडेचे भाग वर उचलले जातात. म्हणून सुरुवातीला तुकडे एकमेकांना घट्ट जोडत नाहीत, बिजागरीसारखे सैल ठेवतात. मनोऱ्यावरची खोगिरंही आधी काठाच्या बाजूला थोडी मागे बसवलेली असतात. वजन वाढत जाईल तशी ती जॅकने दरीकडे टप्प्याटप्प्याने ढकलतात, नाहीतर मनोरे आत वाकतील. शेवटचा तुकडा बसल्यावर सगळं जागच्या जागी यावं, असा हिशोब पहिल्या दिवशीच करून ठेवलेला असतो.

कैचीचा दुसरा गुण वाऱ्यात कळतो. अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल ७ नोव्हेंबर १९४० ला, सुरू होऊन जेमतेम चार महिने झालेले असताना, ताशी साधारण ६५ किलोमीटरच्या वाऱ्यात पिळवटून तुटला. हे वादळ नव्हतं. अनेक पुस्तकांत कारण म्हणून ‘अनुनाद’ लिहिलेलं असतं, जणू वाऱ्याचे झोत झोक्याला ठेका धरून धक्के देत होते. वारा तर एकसारखा वाहत होता. पुलाच्या बाजूला सपाट, भरीव पत्र्याची भिंत होती आणि रस्ता लांबीच्या मानाने फारच पातळ होता. रस्ता थोडा पिळला की वाऱ्याचा दाब बदले, तो बदललेला दाब पीळ आणखी वाढवी, आणि पुलाची स्वतःची हालचालच वाऱ्यातून बळ उपसत राही. याला फडफड म्हणतात. फडकणाऱ्या झेंड्याला कुणी ठेका धरून धक्के देत नसतं, तसंच हे.

कैचीतून वारा आरपार जातो आणि खोल कैची सहज पिळत नाही. दरीत हे जास्त गरजेचं, कारण तिथला वारा समुद्रासारखा आडवा वाहत नाही. अरुंद जागेत तो वेग घेतो, कड्यावर आपटून वर वळतो आणि पुलाला खालून तिरका भिडतो. म्हणून डोंगररांगांसकट दरीची छोटी प्रतिकृती वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून तपासतात आणि प्रत्यक्ष जागेवर वारामापक लावून बराच काळ नोंदी घेतात.

पूल पुरा झाल्यावर परीक्षा ट्रकांची. हुआच्यांग पुलाचा गाळा १,४२० मीटरचा आहे. तो खुला होण्याआधी, ऑगस्ट २०२५ मध्ये, त्यावर ९६ भरलेले ट्रक ठरवून दिलेल्या जागी उभे केले. सगळ्यांचं मिळून वजन ३,३०० टनांच्या आसपास. अशा चाचणीत पूल किती खाली गेला हे मोजतातच. झुलता पूल खाली जातो, त्यात काही गैर नाही. जास्त बारकाईने बघतात ते ट्रक निघून गेल्यावर: पूल पूर्ण वर आला का, की थोडासा खालीच राहिला.

पुढे पूल वापरात असताना लटकदोर गंजले तर एकेक करून बदलता येतात, रस्त्याचा थर उकरून नवा टाकता येतो, सांधे आणि खोगिराखालचे भागही दुरुस्त होतात. मुख्य दोर बदलण्याची मात्र व्यावहारिक सोय नसते. सगळा पूल त्यालाच लटकलेला. आणि दोराचा शत्रू भार नव्हे, ओल आहे. हजारो तारा कितीही दाबून बांधल्या, तरी त्यांच्यामध्ये जवळपास एक पंचमांश जागा पोकळच राहते, आणि दरीतलं धुकं तिथे शिरलं की आतल्या तारा कुणालाही न दिसता गंजू लागतात. जपानमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या आकाशी पुलापासून यावर एक उपाय रूढ झाला. दोराभोवती हवाबंद वेष्टण घालायचं आणि यंत्राने वाळवलेली हवा एका बाजूने आत सोडायची. ती तारांमधल्या फटींतून सरकत जाते आणि काही अंतरावरच्या भोकातून बाहेर पडते. बाहेर पडणाऱ्या हवेत किती ओल आहे हे तिथला मापक सांगतो, आणि आतल्या तारांची खबर मिळते ती त्यावरून.